चिठ्ठी नसलेला कोट

कोट आत्याच्या पोटावर येऊन अडला तेव्हा सगळे हसले. मास्टर गेल्याला तीन आठवडे झाले होते आणि त्या घरातलं हे पहिलंच हसू. हसून झाल्यावर प्रत्येकाने हळूच बाकीच्यांकडे पाहून घेतलं, आपण जरा जास्तच हसलो की काय म्हणून.

“हसा, हसा,” आत्या म्हणाली. ती मास्टरांची धाकटी बहीण आणि स्वतःच्या मते या खानदानातली एकमेव सरळ बोलणारी बाई. “भाऊ मला म्हणाला होता, थंडीच्या आधी तुला कोट शिवतो. आता माझं पोट काय त्याला न विचारता वाढलं?”

“तुझं पोट दहा वर्षं तेवढंच आहे, आत्या,” धाकटी म्हणाली. “बाबांना ते तोंडपाठ होतं.”

हे मात्र खरं. रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या छातीचं माप मास्टर मशीनवर बसल्या बसल्या सांगत, आणि अर्ध्या इंचाने चुकले तर त्यांना दिवसभर चुटपुट लागे. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्या पोरांना टाचण्यांतून आलेले शब्द आधी कळायला लागले आणि मोकळ्या तोंडाचे नंतर. जेवण कापड बेतायच्या टेबलाशी, उभ्याउभ्या. रजा आयुष्यात एकदाच घेतली, तीही थोरल्याला गोवर आला म्हणून. असा माणूस सख्ख्या बहिणीच्या पोटाला चुकेल, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

रविवारची दुपार होती. खालचं दुकान महिनाअखेरीला मालकाला परत द्यायचं होतं, तिथे मोबाइल दुरुस्तीवाला येणार होता. वरच्या दोन खोल्या तेवढ्या घराच्या राहणार. म्हणून सगळे आवरायला उतरले होते: बस चालवणारा थोरला, त्याची बायको, शाळेत शिकवणारी धाकटी, आत्या आणि आई. शिवाय उद्या संध्याकाळी शिंपी संघाच्या हॉलमध्ये मास्टरांच्या आठवणीसाठी लोक जमणार होते आणि घरातर्फे धाकटी बोलणार होती. तिच्या पर्समधला कागद दुपारपासून चार वेळा बाहेर येऊन परत आत गेला होता.

कोट सापडला तो सुनेला. ट्रायलच्या कोपऱ्यातला पडदा काढताना आरशामागे खिळ्याला काहीतरी टांगलेलं दिसलं, वर जुनी चादर घातलेली. चादर ओढली तर आत बायकांचा कोट. गडद हिरवा, जाड लोकरीचा, अस्तर बसवलेला, बाह्या लागलेल्या. फक्त काजं-बटणं व्हायची होती आणि घेर कच्च्या टाक्यांवर होता. कापड इतकं चांगलं की सुनेने आधी हात पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला.

“चिठ्ठी बघ कुणाची आहे,” थोरला म्हणाला.

चिठ्ठी नव्हती. तिने कॉलरमध्ये पाहिलं, खिशात पाहिलं, अस्तराखाली बोटं घातली. नाहीच. तेव्हा मात्र सगळे हातातलं टाकून जवळ आले. कारण या दुकानात चिठ्ठीशिवाय कात्री चालत नसे. कपडा कुणाचा, हे लिहून टाचणीने लावल्यावरच मास्टर कापड बेतायला घेत. घरच्यांनाही सूट नव्हती. एकदा नवऱ्या मुलाचा सूट तीन दिवस तसाच पडून राहिला होता, चिठ्ठी हरवली म्हणून. तो मुलगा समोर उभा राहून ‘अहो, माझाच आहे’ म्हणत होता, तरीही.

आत्याने हक्क सांगितला आणि तो पोटावर अडला, हे वर आलंच. मग धाकटीने घालून पाहिला, तिला खांदे पडत होते. सुनेला बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या. प्रत्येकजण आरशासमोर गेला की आपोआप ताठ होत होता. मान वर, खांदे मागे, श्वास सोडलेला. मास्टरांचं हे तीन कलमांचं फर्मान. सून लग्न होऊन आली त्या आठवड्यात त्यांनी तिचं माप घेतलं होतं आणि हातातल्या लाकडी पट्टीने तिच्या खांद्याला हलकेच टिचकी मारली होती. तिला वाटलं, सासरे कडक आहेत. नंतर कळलं की ते खांद्यांपुरतेच कडक आहेत. सहा वर्षांत तिलाही सवय लागली होती. टेप दिसली की पाठ आपली आपण सरळ होई.

“आई, तुम्ही घाला ना,” ती म्हणाली.

आई काउंटरमागे रिळं रंगांप्रमाणे लावून खोक्यात भरत होती. “मला कशाला? माझा आहे की कोट.”

“तो अकरा वर्षांचा झाला.”

“मग? धाकटीपेक्षा शहाणा आहे.”

आत्या खुदकन हसली. आईने पुढे येऊन कोट घातला आणि आरशासमोर खांबासारखी उभी राहिली. एक्केचाळीस वर्षं शिंप्याची बायको. तिच्याइतकं ताठ त्या घरात कुणीच उभं राहत नसे.

कोट वाईट बसला. सगळ्यांत वाईट तिलाच बसला. उजव्या बाजूला मानेपाशी कापड तटतटलं, त्याच बाजूचा घेर दोन बोटं वर उचलला गेला आणि मागे कॉलरखाली चुण्यांचा झोल पडला. लांबी ठीक, बाह्या ठीक, पण बाकी सगळं तिरपागडं.

“काढ, काढ,” आत्या म्हणाली, जणू कोटामुळे आईलाच काही होईल.

थोरल्याने कोट टेबलावर पसरला. बापाचं काम त्याने उचललं नव्हतं, पण बापाच्या टेबलाखाली तो रांगायला शिकला होता. त्याने दोन्ही खांदे मापले. परत मापले. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले खाकी कागद काढले. घरातल्या प्रत्येकाच्या मापाचा एकेक कागद कापून मास्टरांनी तिथे लावलेला असे. वर पेन्सिलने ‘थोरला’, ‘धाकटी’, ‘सूनबाई’, ‘बहीण’. सगळ्यांत आतल्या, सगळ्यांत जुन्या कागदावर फक्त ‘ही’.

त्याने ‘ही’ कोटावर ठेवून पाहिला. जुळला नाही. बाकीचेही ठेवून पाहिले. एकही जुळला नाही.

“उजवा खांदा इंचभर खाली बेतलाय,” तो म्हणाला. “आणि पाठ लांब. म्हणजे थोडी बाक आलेली. या मापाचं आपल्यात कुणीच नाही.”

“मग कुणाचा आहे?” सुनेने विचारलं. तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. नवऱ्याने तिच्याकडे न बघता कागद नीट रचायला घेतले, तेव्हा तिला वाटलं, आपण विचारायला नको होतं.

*

थोरल्याला पहिल्यापासून एक शंका होती आणि ती त्याने घाईघाईने बोलून टाकली, कारण दुसरी शंका त्याहून वाईट होती.

“बाबांची नजर गेली होती,” तो म्हणाला. “आपल्याला सांगितलं नाही त्यांनी. हात चुकायला लागला होता.”

“काहीतरीच काय दादा!” धाकटी उसळली. “जायच्या आदल्या रविवारी माझ्यासमोर सुईत दोरा ओवलाय त्यांनी. एका फटक्यात. मी चष्मा लावून ओवत बसले होते.”

“सुई वेगळी. माणूस दूर उभं असलं की...”

“टाके बघ ना!” तिने कोट उलटा करून त्याच्या नाकासमोर धरला. “हे टाके आंधळ्याचे आहेत? आत शिवणीला सोडलेली माया बघ किती सारखी ठेवलीय.”

टाके सुरेख होते. थोरल्याने कोट तिच्या हातातून घेऊन परत टेबलावर ठेवला.

“बरोबर बोलतेय पोरगी,” आत्या म्हणाली. ती आता स्टुलावर बसली होती आणि कोट न मिळाल्याचं दुःख विसरून भलत्याच उत्साहात आली होती. “माझा भाऊ मापाला चुकणारा नव्हता. माप बरोबरच आहे. बाई दुसरी आहे, एवढंच.”

“आत्या!”

“आत्या काय आत्या? मी वाईट कुठे म्हणतेय? गिऱ्हाईक असेल. पण गिऱ्हाइकाचा असता तर चिठ्ठी असती. चादरीखाली लपवून कशाला ठेवला असता? तुम्हीच सांगा, वहिनी.”

वहिनी रिळं भरत होती. सुनेने पाहिलं, सासूबाईंनी लाल रीळ निळ्यांच्या खोक्यात टाकलं, मग आणखी एक टाकलं.

“पोस्टातल्या बाई लंगडतात थोड्या,” सून पुटपुटली आणि लगेच जीभ चावली.

“बघा!” आत्या म्हणाली. “मी नाही म्हटलं, हिने म्हटलं.”

“त्यांचा डावा पाय आहे,” थोरला बायकोवर खेकसला, “आणि त्या बाबांपेक्षा उंच आहेत. कोट कमरेवर राहील त्यांच्या.”

“तुम्हाला बरं माहीत त्यांची उंची,” सून म्हणाली, आणि आता ती आत्याच्या बाजूने झाली. थोड्या वेळापूर्वी ती नवऱ्याच्या बाजूने होती. धाकटी भावाच्या विरुद्ध होती, ती आता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हे सगळं एका कोटाभोवती चाललं होतं आणि ज्याने तो शिवला तो सांगायला नव्हता. हयात असता तरी त्याच्या तोंडात टाचण्याच असत्या.

धाकटीला त्या क्षणी वडिलांचा राग आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. पर्समधल्या कागदावरचं पहिलं वाक्य तिने शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिलं होतं, दोनदा रडून: ‘आमच्या बाबांनी घरापलीकडे कधी काही पाहिलं नाही.’ कालपर्यंत हे वाक्य तिला कमीच वाटत होतं. आता ते उद्या दोनशे शिंप्यांसमोर म्हणायचं, आणि त्यातल्या एखाद्याला हिरव्या कोटाची बाई माहीत असली तर?

काहीतरी करायला हवं म्हणून ती दारामागचा पसारा काढू लागली. छत्र्या, तुटकी पट्टी, हात नसलेला कापडी पुतळा. त्यामागे एक पुठ्ठा, दोरी लावलेला, खडूने लिहिलेला. वडिलांचं अक्षर. तिने वाचलं आणि लपवावा असं मनात आलं, पण भाऊ समोरच होता.

“काय ते?”

“गुरुवारी तीन ते पाच बंद,” तिने वाचून दाखवलं.

“कुठलं दुकान?”

“आपलंच, दादा. आपलंच असणार ना!”

मास्टरांचं दुकान, दिवसा, बंद. लेकीच्या बारशालाही त्यांनी अर्धं शटर उघडं ठेवलं होतं. आत्यालासुद्धा हे ऐकून आनंद झाला नाही. तिचा चेहरा उतरला. भावाबद्दल वाईट बोलणं वेगळं आणि ते खरं निघणं वेगळं.

“आई, तुला माहीत होतं?” धाकटीने विचारलं.

“मला कसं माहीत असणार? मी कामावर असते त्या वेळी.” आई इस्पितळाच्या धुलाईघरात होती, सव्वीस वर्षं. आधी चादरींची गाठोडी उचलायची. तीन वर्षांपूर्वी खांदा दुखायला लागला तेव्हा तिला टेबलावर बसून मोजदाद करायचं काम मिळालं होतं आणि त्या दिवशी मास्टरांनी सगळ्यांसाठी केक आणला होता. “ते काही बोलले नाहीत मला.”

“काहीच नाही?”

“कधी बोलायचे ते?” आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. “तुम्ही सगळे मलाच का विचारताय? मी काय त्यांची चिठ्ठी आहे?”

*

तेवढ्यात काजेकाका आले. तीस वर्षं त्यांनी मास्टरांसाठी हाताने काजं केली होती, दुसरं काहीही नाही. कोटाची बाही कशी लागते ते विचाराल तर खांदे उडवतील. आपली सुयांची डबी काखेत धरून ते उंबऱ्यावर थबकले.

“सापडला वाटतं,” कोटाकडे पाहून ते म्हणाले. “मी तोच न्यायला आलो. म्हटलं, आवराआवरीत कुठे जायला नको.”

पाच जणांनी एकदम त्यांच्याकडे मान वळवली.

“तुम्हाला माहीत आहे हा?” थोरला म्हणाला.

“म्हणजे काय? काजं मीच करणार होतो.”

“कुणाचा आहे?”

“ते मी विचारत नाही,” काजेकाका म्हणाले. “बटणं कुठल्या बाजूला आणि किती, एवढंच मी विचारतो.”

“अहो पण काही बोलले असतील ना!” आत्या जवळजवळ ओरडली. “तीस वर्षं शेजारी शेजारी बसलात, तोंडं शिवली होती का तुमची?”

काजेकाकांनी विचार केला. ते विचार करत तेव्हा दोन बोटांनी हवेत टाका घालत. “मोठी काजं करा म्हणाला. बटणंही मोठी आणलीत, बघा, टेबलाच्या खणात असतील. मी म्हटलं, बायकांच्या कोटाला एवढी मोठी शोभत नाहीत. तर म्हणाला, शोभेचं राहू दे, तिची बोटं दुखतात. छोटं बटण लावायला सकाळी पाच मिनिटं लागतात.”

‘तिची’ हा शब्द दुकानात तसाच लटकत राहिला.

“म्हणजे सकाळी तिला बटणं लावताना पाहिलं होतं,” सून म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

धाकटी खाली, कापडांच्या गाठोड्यावर बसली. रडू येत होतं, पण कशाबद्दल रडायचं तेच तिला ठरवता येईना. बाबा गेले याबद्दल, की गेले ते नक्की कोण होते याबद्दल?

आणि थोरल्याला आता ती दुसरी शंका पोटात ठेवता येईना.

“मी पाहिलंय त्यांना,” तो म्हणाला. “गुरुवारी. तीनदा.”

“कुणाबरोबर?” आत्या.

“एकटेच होते. माझी बस इस्पितळाच्या मागच्या फाटकावरून जाते ना, तिथल्या स्टॉपवर बाकावर बसले होते. मी दार उघडलं, म्हटलं बाबा, चला. तर मला हाताने जा, जा केलं. दुसऱ्यांदा पण तसंच. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे बघितलंच नाही, मान लांब करून समोर कुठेतरी बघत होते.” त्याने कपाळावरून हात फिरवला. “मला वाटलं, डॉक्टरकडे येत असतील. आपल्याला कळू द्यायचं नसेल. मी विचारलं नाही. घरी येऊन विचारू म्हटलं आणि राहून गेलं. विचारलं असतं तर... गेले ते छातीच्या दुखण्यानेच, तेव्हाही तेच असणार ना? मी विचारायला हवं होतं.”

“डॉक्टर पुढच्या इमारतीत बसतात, दादा,” धाकटी म्हणाली.

“मग मागे काय आहे?”

“मागे काही नाही. गाड्या येतात सामानाच्या.”

“तेच तर म्हणतेय मी,” आत्या म्हणाली, पण तिला काय म्हणायचं होतं ते तिलाच आता माहीत नव्हतं. “तिथे काम करणारी कुणीतरी असेल. तिची वाट बघत असेल.”

*

आईच्या हातातलं रीळ सुटलं आणि दोरा सोडत टेबलाखाली गेलं.

मागचं फाटक. गुरुवार. साडेतीनला मोठी गाडी येते, आठवड्याच्या चादरी घेऊन. मागच्या ओट्यावरून गाडीपर्यंत एकेक गाठोडं उजव्या हाताला लटकवून न्यायचं, तीस-पस्तीस फेऱ्या. ओटा उघडाच आहे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बसस्टॉप, स्टॉपवर एक बाक.

टेबलावरचं काम तिला कधी मिळालंच नव्हतं. मागितलं होतं, नाही मिळालं. पण त्याच आठवड्यात मास्टर म्हणाले होते, तू नोकरी सोड, मी आणखी दोन दुकानांची शिलाई घेतो. आधीच ते बारा तास बसत होते. मग तिने एका संध्याकाळी सांगून टाकलं, मिळालं टेबल. त्यांनी केक आणला. सगळ्यांनी खाल्ला, तिनेही खाल्ला. त्यानंतर तीन वर्षं ती रोज जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबत असे. मान वर, खांदे मागे, श्वास सोड. मग दार उघडायची.

“काय म्हणतं टेबल?” ते विचारत.

“बसून बसून कंटाळा येतो,” ती म्हणे.

आणि ते टाचण्यांतून हुं म्हणत.

आधी तिला लाज वाटली. कान तापले. या माणसाने आपल्याला तसं पाहिलं, वाकलेलं, घामेजलेलं, एका अंगाला कललेलं, आणि तेही एकदा नाही. मग राग आला. पाहिलं होतं तर बोलायचं ना! रोज विचारायचं आणि रोज हुं म्हणायचं, ही कुठली रीत? मग तिला बाकावर बसलेले मास्टर डोळ्यांसमोर दिसले, टेप नाही, पट्टी नाही, मुलाच्या बसला हाताने जा, जा करणारे, कारण बस मध्ये आली की ओटा दिसत नाही. आणि मग तिला काही सुधरेना. अर्ध्या तासापूर्वी एक्केचाळीस वर्षं हातातून गेल्यासारखी वाटली होती. ती परत आली होती की नाही, तेही कळेना.

“वन्सं,” ती म्हणाली, “ती बाई कोण ते मला कळलं.”

धाकटी उठून तिच्याजवळ यायला निघाली.

“तू उठलीसच आहेस, तर ते गाठोडं दे इकडे.”

“कुठलं?”

“ज्यावर बसली होतीस ते. कापडांचं.”

आईने टेबलावरचा कोट उचलून अंगात घातला. गाठोड्याची गाठ उजव्या हातात धरून ते उचललं. जड होतं, वर्षानुवर्षांच्या कातरणांचं. मग तिने तीन वर्षांत या घरात एकदाही केलं नव्हतं ते केलं. अंग सोडून दिलं. उजवा खांदा खाली आला, पाठीला बाक आला, मान किंचित पुढे गेली. ती तशीच आरशापर्यंत चालत गेली, ओट्यावरून गाडीकडे जाते तशी.

मानेपाशी एक चुणी नव्हती. मागचा झोल गेला होता. घेर चारी बाजूंनी जमिनीला सारखा होता.

काजेकाका हळूच “वा!” म्हणाले. ती दाद मास्टरांना होती.

“वहिनी,” आत्या म्हणाली, “तुम्ही तर टेबलावर...”

“नाही मिळालं टेबल. मी खोटं सांगितलं.”

“आणि बाबा?” थोरल्याने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. “डॉक्टरकडे नव्हते जात?”

“माप घेत होते. घरात टेप काढली असती तर मी ताठ झाले असते ना! तुम्ही सगळे होता तसे. तो खाकी कागद आहे तो अशाच ताठ बाईचा आहे. मी तशी नाही आता.” तिने आरशातच लेकाकडे पाहिलं. “तू विचारलं असतंस तरी त्यांनी सांगितलं नसतं. ते डोक्यातून काढून टाक.”

थोरला खाली मान घालून खाकी कागदाची कड दुमडत राहिला. सून त्याच्याजवळ सरकली आणि तिने तो कागद त्याच्या हातातून अलगद काढून घेतला.

“पण मग बोलले का नाहीत?” धाकटी रडतच म्हणाली. “तुला म्हणायचं, सोड ते काम. कोट कसला शिवत बसले? आणि मी उद्या काय बोलू, आई? त्यांनी तुला तसंच ओझं वाहू दिलं असं बोलू, की... मला काही कळतच नाही.”

“मला तरी कुठे कळलंय?” आई म्हणाली. “म्हटलं असतं सोड, तर मी सोडली असती आणि ते त्या मशीनवरून उठले नसते. ते माहीत होतं त्यांना. का मला लाज वाटेल म्हणून गप्प बसले? का कोट देऊन मग बोलणार होते? मी काय सांगू? मी त्यांना फसवत होते आणि ते मला. इतकंच खरं आहे.” तिने डोळे पुसले नाहीत, उजव्या हातात गाठोडं होतं. “फार दमायचं गं माझं अंग. आणि मला वाटायचं, कुणाला दिसत नाही.”

आत्या स्टुलावरून उठली. ती काहीतरी लागट बोलेल असं सुनेला वाटलं, पण तिने फक्त वहिनीच्या हातातून गाठोडं घेतलं आणि भिंतीशी ठेवलं. “जड आहे हो,” ती म्हणाली.

गाठोडं गेलं तरी आईचा खांदा वर आला नाही. कोट होता तसाच बसला.

काजेकाका खाकरले. डोळ्यांत पाणी होतं, पण काम ते काम. “वहिनी, अंगावर आहे तोवर बटणांच्या खुणा करून घेतो. मोठीच ना?”

“मोठीच करा. खरंच दुखतात बोटं.”

त्यांनी खडू कानावर खोचला आणि गळ्यातली टेप सर्रकन ओढली. त्या आवाजासरशी थोरला, सून, धाकटी, आत्या सगळे सवयीने ताठ झाले, मान वर, खांदे मागे. आई होती तशीच उभी राहिली.